दर्यापूर ते दर्या : बोटीवरच्या संडासाच्या गोष्टी

आमच्या गावाचं नाव दर्यापूर, आणि दर्या इथून सहाशेक किलोमीटर लांब. वऱ्हाडच्या इमादशाहीत दर्या इमादशहा नावाचा राजा होऊन गेला, त्याच्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. समुद्राशी त्याचा काडीचा संबंध नाही. पाणी मात्र खारं. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात जो खारपाणपट्टा पसरलाय, ८९४ गावांचा, त्यात आम्ही बसलोय. विहीर खणली तरी खारं, बोअर मारली तरी खारं. तोटीवर पांढरा थर, बादलीला थर, आणि लाज कशाची, संडासाच्या भांड्यालाही थर.

या गावातला माझा आतेभाऊ दुबईत एका खाजगी बोटीवर मेकॅनिक आहे. मागच्या उन्हाळ्यात त्याला फोन केला तर मागून धाड, धाड, धाड असा आवाज.

"काय करून रायला बे?"

"पाईप पटकून रायलो, दादा."

"कायचा पाईप?"

"संडासचा."

आपल्याकडे वाळलेल्या तुरीच्या पेंढ्या खळ्यात बडवतात, तसा तो गडी बंदराच्या धक्क्यावर संडासाचा पाईप बडवत होता. प्रत्येक तडाख्याला आतून पांढऱ्या खपल्या पडत होत्या. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम असतं. त्यात लघवी मिसळली की पाईपच्या आतल्या अंगाला दगडासारखा थर धरतो आणि वर्षावर्षाला जाड होत जातो. दीड इंची पाईपमधून शेवटी करंगळी जाईल एवढंच भोक उरतं. मग एक दिवस सगळं तुंबतं, आणि तो दिवस हमखास पाहुणे आलेले असतानाच उगवतो.

"खाऱ्या पाण्यातून पयालो अन् खाऱ्या पाण्यातच पडलो," तो म्हणाला.

त्या फोनपासून मला या विषयाचं वेड लागलं. लोक सोनं, शेअर, क्रिकेट यांची माहिती जमवतात. मी बोटीवरच्या संडासांची जमवली.

डोकं कुठाय?

जगभरचे इंग्रजी बोलणारे खलाशी संडासाला 'हेड' म्हणतात, म्हणजे डोकं. कारण साधं आहे. शिडाच्या जुन्या जहाजांवर खलाशांची ही सोय जहाजाच्या पुढच्या टोकाला, डोक्याशी असायची. चौकोनी शिडांचं जहाज बहुतेक वेळा मागून किंवा बाजूने येणाऱ्या वाऱ्यावर चालतं, त्यामुळे पुढच्या टोकाचा वास पुढेच जायचा, आणि नाकावर फुटणाऱ्या लाटा फुकटात धुणं करायच्या. फळीला भोक आणि खाली समुद्र, एवढीच रचना. नेल्सनच्या 'व्हिक्टरी' जहाजावर आठशेच्या आसपास माणसं होती. त्यांच्यासाठी पुढे मोजक्याच बैठका होत्या. कॅप्टनसाहेबांची सोय मात्र मागे, त्यांच्या खोलीला लागून, आडोशाची. बढतीचा खरा अर्थ तोच असावा.

आणि धुवायला? काही जहाजांवर एक दोर समुद्रात सोडलेला असायचा, त्याचं टोक पिंजून कुंच्यासारखं केलेलं. वापरायचा आणि परत पाण्यात सोडायचा. सगळ्यांना मिळून एकच. आमच्या टमरेलाला नावं ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

जाता जाता एक गैरसमज. जहाजाच्या मागच्या उंच भागाला इंग्रजीत 'पूप डेक' म्हणतात. त्याचा या विषयाशी संबंध नाही. जहाजाच्या पिछाडीला लॅटिनमध्ये 'पुप्पिस' म्हणत, तो शब्द फ्रेंचमधून फिरत फिरत इथे आला.

शब्दांचं म्हणाल तर आपणही कमी नाही. आपला 'शेतखाना' शेतातून आलेला नाही. मूळ शब्द 'सेहतखाना', म्हणजे तब्येतीची जागा. वऱ्हाडात गावाबाहेरच्या त्या जागेला गोदरी म्हणतात, आणि जाणारा 'डबा घेऊन' जातो. कुठे, हे विचारायचं नसतं.

जोकर

आतेभावाने व्हिडिओ कॉलवर मला एकदा अख्खा संडास उलगडून दाखवला. घरी आई पलीकडे पोळ्या लाटत होती, तेवढं सोडलं तर कार्यक्रम रंगला.

बोटीवरचा साधा संडास हातपंपाचा असतो. भांड्याच्या शेजारी सायकलच्या पंपासारखा दांडा. एक खटका इकडे केला की समुद्राचं पाणी भांड्यात येतं आणि सोबतच भांड्यातलं बाहेर ढकललं जातं. तिकडे केला की पाणी येणं बंद, भांडं नुसतं रिकामं होतं. पाणी आत येणारा पाईप पाऊण इंची, बाहेर जाणारा दीड इंची. दोन-चार हात मारून पळालं तर माल पाईपमध्येच अडकून राहतो, म्हणून शहाणा माणूस वीसेक हात मारतो.

बाहेर जाणाऱ्या वाटेवर एक रबरी तुकडा बसवलेला असतो. बदकाच्या चोचीसारखा, मधोमध चिरलेला. आतून दाब आला की चोच उघडते, दाब गेला की मिटते, म्हणजे गेलेला ऐवज परत भांड्यात येत नाही. या तुकड्याला बोटवाले 'जोकर व्हॉल्व्ह' म्हणतात. पत्त्यात जोकर कुठेही चालतो. इथे तो एकाच दिशेला चालतो, आणि तीच त्याची सगळी किंमत. त्याच्या ओठांवर तो पांढरा थर जमला, किंवा रबर कडक झालं, की चोच पुरती मिटत नाही. मग सकाळी भांड्यात जे दिसतं ते रात्रीचं असतं.

"जोकर सहा महिन्यानं नाईतं वर्षानं बदलाच लागते," आतेभाऊ म्हणाला. "पैशाले पाह्यलं तं वायसर, पण फसला तं मालकाची पार्टी उठते."

सगळा संडासच बदलायचा झाला तर? काम तसं चार नटबोल्टांचं आहे, पण त्याचा क्रम पोथीसारखा पाळावा लागतो. आधी बोटीच्या अंगाला बसवलेल्या तोट्या बंद करायच्या. त्यांना 'सीकॉक' म्हणतात. त्या पाण्याच्या पातळीखाली असतात, म्हणजे पलीकडे थेट समुद्र. ही पायरी विसरलात तर पुढच्या पायऱ्यांची गरज पडत नाही. मग भांडं आणि पाईप जमेल तेवढे रिकामे करायचे. जुना पाईप तोटीच्या तोंडाला चिकटून बसलेला असतो, ओढून येत नाही. त्यावर गरम पाणी ओतायचं किंवा केस वाळवायचं मशीन धरायचं, रबर नरम पडलं की फिरवून काढायचा. नवं भांडं ठेवताना जुन्या भोकांवर बोल्ट जुळले तर नशीब. नाही जुळले तर जुनी भोकं बुजवा, नवी पाडा, आणि हे सगळं तट्ट्याच्या न्हाणीपेक्षा लहान जागेत, मान वाकडी करून. पाण्याखाली असलेल्या जोडावर एकाऐवजी दोन पट्ट्या आवळायच्या, त्याही न गंजणाऱ्या स्टीलच्या. शेवटी तोटी उघडायची आणि जोडाला कोरडा कागद लावून बघायचा. कागद ओला झाला तर पुन्हा पहिल्यापासून.

प्रत्येक सीकॉकपाशी मऊ लाकडाचं एक निमुळतं बूच दोरीने बांधून ठेवतात. तोटीच तुटली तर भोकात ठोकायला. मऊ लाकूड पाण्याने फुगतं आणि भोक बंद करतं. कोट्यवधींच्या बोटीचा जीव दहा-वीस रुपयांच्या लाकडावर टांगलेला पाहून मला फार बरं वाटलं. आमच्या टाकीच्या फुटक्या नळाला आजही भुट्ट्याचं बुरकुंडच लावलेलं असतं.

रोजची निगा त्याहून सोपी. अधूनमधून भांड्यात व्हिनेगर ओतायचं, रात्रभर राहू द्यायचं, थर विरघळतो. पंप कुरकुरायला लागला तर थोडं खायचं तेल. तेलाने खरंच फायदा होतो का यावर बोटवाल्यांत भांडणं आहेत. आतेभावाने पहिल्या वर्षी गावाकडून नेलेलं सरकीचं तेल घातलं होतं, आणि वास आला की घरची आठवण यायची म्हणे. अशा ठिकाणी येणारी घरची आठवण घराने आपला मान समजावा की कसं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि वासाचं एक गुपित. बोटीवरच्या संडासाला येणारा सडक्या अंड्याचा वास बरेचदा माणसाचा नसतोच. समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. बोट आठ-पंधरा दिवस उभी राहिली की पाणी आणणाऱ्या पाईपमध्येच ते मरतात आणि कुजतात. पहिला पंप मारला की तो वास बाहेर. म्हणून बोट सोडून जाताना गोड्या पाण्याने पाईप धुऊन निघायचं.

पाहुण्यांसाठी बोटवाल्यांचा जगभर एकच नियम: जे आधी तुमच्या पोटात गेलं नव्हतं, ते या भांड्यात जाता कामा नये. ओले रुमाल नाही, पॅड नाही, सिगारेटचं थोटूक नाही. वऱ्हाडी भाषांतर आतेभावाने करून ठेवलंय: "खाल्लं असंन तंच टाका."

बुडवणारा संडास

डबकीतून डिझेल काढताना नळीने एकदा तोंडाने ओढलं की मग ते आपोआप वाहत राहतं, हे आमच्याकडच्या प्रत्येक मोटरपंपवाल्याला माहीत असतं. बोटीचा संडास हीच गंमत उलट्या बाजूने करतो. भांडं पाण्याच्या पातळीखाली असेल, तोटी उघडी राहिली असेल आणि पाईपमध्ये एकदा ओढ लागली असेल, तर समुद्र शांतपणे, न विचारता, भांड्यातून बोटीत येत राहतो. धक्क्याला बांधलेल्या, वादळ नाही, टक्कर नाही अशा बोटी यामुळे बुडाल्या आहेत. उपाय म्हणून पाईपला पाण्याच्या पातळीच्या बरंच वर नेऊन कमान देतात आणि कमानीच्या डोक्यावर हवा आत घेणारं छोटं छिद्र ठेवतात. हवा शिरली की ओढ तुटते. या छिद्रातही मीठ साचतं, आणि ते साफ करायची आठवण कुणाला राहत नाही.

याच जातीची, पण इतिहासात गेलेली गोष्ट जर्मन पाणबुडी यू-१२०६ ची. दुसरं महायुद्ध संपत आलेलं, तारीख १४ एप्रिल १९४५, जागा स्कॉटलंडच्या पीटरहेडजवळचा समुद्र. जर्मनांनी खोल पाण्यातही चालेल असा जास्त दाबाचा संडास पाणबुडीत बसवला होता. इतका भानगडीचा की तो चालवायला शिकलेला माणूस लागे. झडपा चुकीच्या क्रमाने उघडल्या गेल्या आणि समुद्र आत आला. संडासाच्या खाली बॅटऱ्या होत्या. खारं पाणी बॅटरीवर पडलं की क्लोरीन वायू तयार होतो, आणि बंद पाणबुडीत क्लोरीन म्हणजे यमच. पाणबुडी वर आणावी लागली, वर शत्रूची विमानं, शेवटी आपल्याच हाताने ती बुडवावी लागली. चार माणसं गेली. गोष्ट सांगणारे म्हणतात, कॅप्टन कार्ल-अडॉल्फ श्लिट स्वतःच आत बसला होता. श्लिटचं म्हणणं होतं, मी त्या वेळी इंजिनपाशी होतो. त्याच्या जागी मीही तेच म्हणालो असतो.

तीन कोटींचा फ्लश

मोठ्या जहाजांवर, विमानांत आणि आता काही रेल्वे डब्यांतही 'व्हॅक्यूम' संडास असतात. बटण दाबलं की हवेचा झपाटा सगळं ओढून नेतो. पाणी लागतं लिटर-सव्वा लिटर. म्हणूनच जहाजांना ते आवडतात, कारण कमी पाणी म्हणजे लहान टाकी.

अमेरिकन नौदलाची 'जेराल्ड आर. फोर्ड' ही विमानवाहू नौका, चार हजारांहून जास्त माणसांची, जगातली सगळ्यात महागडी युद्धनौका. तिचेही पाईप चोंदतात. अमेरिकन सरकारच्या हिशेबतपासनीसांनी २०२० साली अहवालात लिहून ठेवलं की पाईप साफ करायला खास आम्ल सोडावं लागतं आणि एका वेळचा खर्च ४ लाख डॉलर. त्या वेळच्या भावाने तीन कोटी रुपयांच्या घरात. हे मी आतेभावाला सांगितलं तर तो क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, "त्याईले म्हणा, मले बोलवा. मी पटकून देतो."

व्हॅक्यूमची खोड अशी की वीज गेली की सगळं गेलं. फेब्रुवारी २०१३ मध्ये मेक्सिकोच्या आखातात 'कार्निव्हल ट्रायम्फ' या सहलीच्या जहाजावर इंजिनखोलीत आग लागली. आग विझली, पण वीज गेली, आणि विजेबरोबर बहुतेक संडासही. चार हजारांहून जास्त माणसं, चार-पाच दिवस, ओढत ओढत अलाबामाच्या मोबाइल बंदरापर्यंत. लोकांना प्लास्टिकच्या पिशव्या वाटण्यात आल्या. वर्तमानपत्रांनी त्या सहलीला जे नाव दिलं ते इथे छापत नाही, चहाच्या वेळी हा अंक हातात असायचा.

१२ सागरी मैल

समुद्र मोठा आहे म्हणून कुठेही सोडून द्यावं असं नाही. जहाजांच्या सांडपाण्याचा आंतरराष्ट्रीय नियम २७ सप्टेंबर २००३ पासून लागू आहे. ४०० टनांवरची किंवा १५ हून जास्त माणसं नेणारी, देशोदेशी फिरणारी जहाजं त्यात येतात. बारीक करून, जंतू मारून सोडायचं असेल तर किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांच्या पुढे. तसंच सोडायचं तर १२ मैलांच्या पुढे, म्हणजे २२ किलोमीटर. तेही एकदम ओतायचं नाही. जहाज चालू हवं, किमान ४ नॉट वेगाने, भराभर चालणाऱ्या माणसाएवढ्या. थोडक्यात, चालत चालत आणि थोडं थोडं. गोदरीचे नियम आमच्याकडे याच्या बरोबर उलटे होते.

कोकणातल्या मासेमारीच्या बहुतेक लहान होड्यांवर ही अडचणच नाही, कारण तिथे संडासच नसतो. होडीची कड हीच सोय. पण समुद्रात उभ्या असलेल्या एका मराठी बांधकामात ही सोय साडेतीनशे वर्षांपूर्वीच केलेली आहे. मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटात शौचकूप बांधलेले आहेत. शिवाजी महाराजांनी हे काम १६६४ साली सुरू केलं. त्या काळी युरोपातले खलाशी तो पिंजलेला दोर वाटून घेत होते. रायगडावर, राजगडावरही असे शौचकूप दाखवतात. गडावर गेल्यावर बहुतेक लोक तोफेपाशी फोटो काढतात. मी हल्ली दुसरीकडेच काढतो, घरचे वैतागतात.

बदनेऱ्याची बोट

आम्हा कोरडवाहू लोकांची बोट म्हणजे रेल्वे. मुंबईहून निघालेली लाइन भुसावळ, अकोला, बदनेरा करत १८६७ साली नागपूरला पोचली. कापूस गेला, माणसं गेली, पण डब्यात 'सोय' नव्हती. स्टेशन आलं की उतरायचं, आटपायचं, धावत चढायचं.

१९०९ सालच्या जुलैत बंगालमधल्या अहमदपूर स्टेशनवर ओखिलचंद्र सेन नावाचे गृहस्थ असेच उतरले. पोटात फणस होता. ते बसले आणि गार्डने शिट्टी मारली. एका हातात लोटा, दुसऱ्या हातात धोतर अशा अवस्थेत ते गाडीमागे धावले आणि फलाटावर सगळ्यांदेखत पडले. गाडी गेली. मग त्यांनी साहिबगंजच्या रेल्वे कचेरीला इंग्रजीत पत्र लिहिलं, व्याकरण मोडकं पण राग धडधाकट: गार्डला मोठा दंड करा, नाहीतर मी पेपरात छापतो. हे पत्र दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे. खालच्या वर्गाच्या डब्यांत संडास आले ते या पत्रामुळे, असं सांगतात. एका फणसाने देशाचं केवढं काम केलं.

आमच्या बाजूने पूर्वी जाणारी शकुंतला नावाची गाडी, मूर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरला आणि एक यवतमाळला, तिच्यात ओखिलबाबूंची पंचाईत झालीच नसती. मँचेस्टरचं १९२१ सालचं वाफेचं इंजिन तिला १९९४ पर्यंत ओढत होतं, आणि वेग असा की आमच्याकडे म्हणायचे, पुढच्या डब्यातून उतरा, डबा घेऊन जाऊन या, मागच्या डब्यात बसा.

मोठ्या गाड्यांत संडास आले ते थेट रुळांवर उघडणारे. 'गाडी स्टेशनात उभी असताना वापरू नये' ही पाटी वाचत आपण सगळे वाढलो. त्याने रूळ गंजायचे, आणि रुळांवर काम करणाऱ्यांचे हाल तर विचारूच नका. सुटका आली ती बर्फातून. सियाचीन आणि लडाखमधल्या जवानांची घाण थंडीमुळे कुजतच नसे, म्हणून संरक्षण संशोधन संस्थेच्या ग्वाल्हेरच्या प्रयोगशाळेने थंडीतही काम करणारे जिवाणू शोधून काढले. ते रेल्वेच्या डब्याखालच्या टाकीत आले. जानेवारी २०११ मध्ये ग्वाल्हेर-वाराणसी बुंदेलखंड एक्सप्रेसपासून सुरुवात झाली, आणि आज देशभरच्या डब्यांत असे अडीच लाखांहून जास्त संडास आहेत. बर्फातले जीव बदनेऱ्याच्या ४५ अंशांत खपतात, नोकरी म्हणजे नोकरी.

या संडासांचं दुखणंही बोटीसारखंच. २०१७ च्या कॅगच्या अहवालात एका वर्षातल्या सुमारे दोन लाख तक्रारी मोजलेल्या आहेत, त्यातल्या अर्ध्याहून जास्त चोंदल्याच्या. कारण? पाण्याच्या बाटल्या, चहाचे कप, गुटख्याच्या पुड्या, पॅड. खाल्लं असंन तंच टाका! गुटख्याची पुडी गिळणारा अजून जन्माला यायचाय.

आणि एक गोष्ट वाचून मी खरंच चरकलो. १८५३ ला देशात पहिली गाडी धावली, पण इंजिनात चालकासाठी संडास बसला तो २०१६ साली, सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना. मधली १६३ वर्षं चालक काय करत होते? पाणी कमी पीत होते.

काथ्या, सोनखत आणि झाडू

बोटवाल्यांत सध्या नवी फॅशन आहे ती पाण्याशिवायच्या संडासाची. लघवी एकीकडे, बाकीचं दुसरीकडे आणि त्यावर नारळाच्या काथ्याचा भुसा. दोन्ही मिसळलं नाही की घाण वास फारसा येत नाही, आणि मागे खत उरतं. पाईप नाही, जोकर नाही, पटकणं नाही. आतेभावाच्या मालकाला हे पटत नाही, त्याला पाण्याचा आवाज लागतो.

फॅशन नवी, पण कल्पना आपल्याकडे जुनी आहे. कोकणचे गांधी म्हणून ओळखले जाणारे आप्पासाहेब पटवर्धन यांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात स्वस्त, खत देणारे संडास रुजवायचा ध्यास घेतला होता. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागितलं. अधिकारी म्हणाले, तुमच्या जातीचं नाही. त्यावर त्यांनी अन्न कमी केलं, आणि त्यांच्यासाठी त्या डिसेंबरात येरवड्यात गांधींनी उपोषण केलं. आप्पांच्याच वाटेने पुढे देहूचे डॉक्टर सुहास मापुसकर गेले. १९६० च्या सुमारास सरकारी डॉक्टर म्हणून ते देहूला आले, औषधं देऊन रोग हटेनात, तेव्हा संडास बांधायला लागले, आणि शेवटी संडासाला जोडलेला गॅस प्लांट तयार केला. नाव ठेवलं 'मलप्रभा'. मराठीत इतकं चपखल नाव मी दुसरं ऐकलेलं नाही. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

गाडगेबाबा तर आमच्या शेजारचेच. २३ फेब्रुवारी १८७६ ला शेंडगावला जन्मले, आता ते अंजनगाव सुर्जी तालुक्यात आहे. बाबा गावात आले की आधी झाडू, रात्री कीर्तन. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीकडे जाताना वलगावजवळ पेढी नदीपाशी गाडीतच गेले. हा माणूस आयुष्यभर फिरतीवर राहिला, एका जागी घर नाही. बोटीवरच्या लोकांसारखाच. फरक इतकाच की ते स्वतःचं साफ करतात, बाबा दुसऱ्यांचं करायचे.

वर पाहिलं तर अवकाशस्थानकातही टाकाऊतून कामाचं काढणं चाललंय. तिथे लघवी आणि घाम यांच्यातलं पाणी गाळून पुन्हा प्यायला देतात, आणि २०२३ मध्ये ९८ टक्के पाणी परत मिळवण्यापर्यंत मजल गेली. म्हणजे आजचा चहा तोच परवाचा चहा. तिथेही सुरुवातीला यंत्रात कॅल्शियमचा थर धरून घोटाळा झाला होता. थर काही माणसाचा पिच्छा सोडत नाही, दर्यापूर असो की दर्या असो की आकाश.

दिवाळी

आतेभाऊ दिवाळीत आला. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीला गेला तो अर्धा तास बाहेर येईना. दार वाजवलं तर म्हणे थांबा. बाहेर आला तेव्हा हातात आमची न्हाणीघरातली तोटी, खोलून काढलेली, पांढऱ्या खपल्यांनी गच्च. स्वयंपाकघरात गेला, चायनीजच्या नादात कधीतरी आणलेली व्हिनेगरची बाटली शोधली, पेल्यात ओतली आणि तोटी त्यात बुडवून ठेवली.

"मामी, रातभर राहू द्या. सकाळी पाहा कशी चमकते."

आईने पेल्यात वाकून पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं.

"मी तं हे लिंबाच्या सालीनं करतो," ती म्हणाली. "दुबईले जाऊन हेच शिकला का रे? अन् तो पेला कायले घेतला, पाहुण्याईचा हाय तो!"